अडीच तासांचा फरक

एडनहून मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर यायला विमानाला किती वेळ लागायचा, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. चार तास. अंतर सुमारे एकोणीसशे मैल. ही माहिती आता कुणाच्या उपयोगाची नाही. एडनला नोकरीसाठी जाणारी माणसं गेली आणि त्यांना पत्रं लिहिणारीही गेली. पण हे दोन आकडे माझ्या डोक्यात जे रुतून बसलेत ते काही निघत नाहीत.

गणितात मी हुशार होते. फुशारकी म्हणून सांगत नाही, तक्रार म्हणून सांगते. तारापूरच्या किनाऱ्यावरच्या आमच्या मच्छीमार गावात मॅट्रिक झालेली मी पहिली मुलगी. एकोणिसाव्या वर्षी गावच्याच शाळेत शिकवायला लागले. कुणाकडे पत्र आलं, तार आली, वीजकेंद्राच्या जागेची नोटीस आली, की कागद घेऊन माणसं आमच्या ओट्यावर यायची. माझं वाचून झालं की मान डोलवत निघून जायची. मी वाचलं ते बरोबर होतं का, असं मला कधीच कुणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

माझा मोठा भाऊ फिटर होता. अरबस्तानातल्या एडनच्या बंदरात लाँचच्या इंजिनांचं काम मिळालं आणि कंपनीनं विमानाचं तिकीट पाठवलं, तेव्हा गावात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. दर्यावरून लांब गेलेली माणसं आमच्याकडे पुष्कळ होती. माझे वडील तांडेल होते, स्वतःची होडी घेऊन शिडावर वेरावळपर्यंत जाऊन आलेले. पण हवेतून गेलेलं गावात कुणी नव्हतं. दिल्लीकडे जाणारी विमानं आमच्या डोक्यावरून जायची. सुकवलेल्या बोंबलांवर त्यांची सावली पडते म्हणून म्हाताऱ्या बाया त्यांना शिव्या घालायच्या. आता त्यातल्याच एकात आपला माणूस बसणार, म्हणून शिव्या जरा थांबल्या.

दादानं जाताना तिकिटाबरोबर आलेलं घडीचं वेळापत्रक घरी ठेवलं. "मला काय करायचंय? मी आत बसलेलाच असणार. तुमाला कळंल मी कुठं हाय ते," असं म्हणाला. त्यात एका ओळीत लिहिलं होतं, मुंबईहून सुटणार सकाळी सात, एडनला पोचणार साडेआठ. खालच्या ओळीत परतीचं, एडनहून सुटणार सकाळी सहा, मुंबईला पोचणार साडेबारा. मी ते घरात मोठ्यानं वाचून दाखवलं.

बाबा जाळं सांधत बसले होते. त्यांनी सुई थांबवली. "जाताना दीड तास, आनि येताना साडेसहा?"

"तसंच लिहिलंय."

त्यांनी दर्याकडे बघितलं. पौष महिना होता, पहाटे जमिनीवरून वारा सुटायचा. "बरोबर हाय," ते म्हणाले. "आता वारं भुईकडचं. जाताना पाठीशी, येताना तोंडावर. होडीला पन असंच लागतं."

दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले, पोरांना बाजूला सारून भिंतीवरच्या नकाशापुढे उभे राहिले आणि जाळ्याचं सूत लावून अंतर मोजलं. आपल्या किनाऱ्यापासून वेरावळ एक माप, तसली अकरा मापं एडनपर्यंत. वेरावळला शिडानं दोन दिवस, म्हणजे एडनला बावीस. "बावीस दिवसांचं काम दीड तासात," ते पोरांना म्हणाले. "वारं पाठीशी असलं तरी लई झालं." त्यांना ते पटलेलं नव्हतं हे मला दिसत होतं. पण कागदावर छापलेलं होतं आणि मी वाचलेलं होतं.

आमच्याकडे एक चाल होती. घरातलं माणूस लांबच्या वाटेला लागलं, की ते पोचेपर्यंत घर झाडायचं नाही. रोजच्या होडीसाठी ही चाल नव्हती, नाहीतर आमच्या घरांत केर कधी निघालाच नसता. पण परमुलखात जाणाऱ्यासाठी ती कडक पाळायची. झाडू मारला की त्याची वाट पुसली जाते, असं बाया म्हणायच्या. दादाचं विमान सुटलं त्या सकाळी आई दारात झाडू घेऊन उभी राहिली आणि तिनं मला विचारलं, "पोचला काय गं?"

मी शाळेच्या घड्याळाप्रमाणे साडेआठ वाजल्याची खात्री केली आणि म्हटलं, "पोचला." आईनं घर झाडलं. आदल्या दिवशी पाहुण्यांनी केलेला सगळा पसारा तिनं निगुतीनं काढला, ओटासुद्धा झाडला आणि केर उकिरड्यावर टाकला.

आठ-पंधरा दिवसांनी मी ते वेळापत्रक शाळेत नेलं. आमचे हेडमास्तर पालघरहून रोज यायचे, भूगोलाचे मोठे शौकीन. त्यांनी दीड तास आणि साडेसहा तास ऐकलं आणि ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अहो बाई, वारा कसला? तिथली घड्याळं आपल्यापेक्षा अडीच तास मागं असतात. सूर्य तिकडे उशिरा उगवतो. जायला चार तास, यायलाही चार तास. काय वाट्टेल ते विसरा, ते अडीच तास तेवढे विसरू नका, नाहीतर सगळा हिशोब चुकेल."

मला शरम वाटली. पोरांना शिकवणारी मी, आणि तांडेलाच्या वाऱ्यावर विश्वास ठेवून बसले! घरी जाऊन मी हे न सांगते तर बरं झालं असतं, पण नव्या माहितीला तोंडात ठेवणं मला कधी जमलं नाही. जेवताना मी सगळं समजावून सांगितलं. दादा आपल्या साडेआठला नाही, अकराला पोचला असणार.

आईचा घास हातातच राहिला. "म्हंजे मी झाडलं तवा पोरगा वरतीच होता?"

"आई, त्यानं काही होत नसतं. तो पोचला, त्याचं पत्रसुद्धा आलं."

"दर्यावर होता ना, मी झाडू मारला तवा?"

बाबांनी ताटात पाणी ओतलं. "आमाला काय वारं समजत नाय काय?" एवढंच ते म्हणाले. त्यांना घड्याळाची गोष्ट पटली नाही ती नाहीच. पुढं कुणी विचारलं तर ते तेच सांगायचे, जाताना दीड, येताना साडेसहा. मला हसू यायचं. आईला मात्र कधी हसू आलं नाही. त्या दिवसापासून तिच्या मनात एक भीती शिरली आणि ती रोज थोडी थोडी वाढत गेली.

त्या भीतीला खतपाणीही मिळत गेलं. एडनमध्ये दंगे सुरू झाले होते. आई सुकं घेऊन बोईसरला, बेटेगावला विकायला जायची. बोईसर तेव्हा बदलत चाललं होतं, वीजकेंद्राच्या कामावर देशभरातून माणसं आलेली, स्टेशनसमोरच्या हॉटेलात हिंदी चालायची आणि दिवसभर रेडिओ लावलेला असायचा. तिथून ती बातम्या आणायची. "आज बाँब टाकला बोलतात." "आज बंदर बंद होतं बोलतात." एकदा तिनं टोपली उतरवायच्या आधीच सांगितलं, "एक बिहारी बोलला, एडन में गोली चली." आणि मग माझ्याकडे बघून, अगदी हळू, "मी झाडलं ना."

त्या वर्षी सगळंच बिनसल्यासारखं होतं. दुपारी वीजकेंद्राच्या जागेवर सुरुंग लागायचे. आधी भोंगा व्हायचा, मग किनाऱ्याचा खडक फुटायचा आणि आमच्या घरातली भांडी थरथरायची. गाव उठवणार, नाही उठवणार, यावर ओट्याओट्यावर बोलणं चालायचं. दादाचं पत्र एकदा दोन महिने आलं नाही. तेव्हा आईनं अंगात येणाऱ्या एका माणसाच्या पायांवर पाणी घालून त्याला विचारलं. त्यानं सांगितलं, घरातला एक पुरुष जाणार. आईनं ते दादावरच घेतलं. मीही, मॅट्रिक झालेली असूनही, मनातून दादावरच घेतलं. आम्ही सगळ्यांनी एडनकडे डोळे लावले होते. घरात बसलेल्या माणसाकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

बाबांच्या पायांना सूज आधी दिवाळीत आली. होडीवर उभं राहून राहून येते, असं ते म्हणाले. माघात त्यांना धाप लागायला लागली. बाजेवर आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून ते भिंतीला टेकून बसूनच झोपायचे. पालघरच्या डॉक्टरांनी छाती तपासली, काकांना बाहेर नेलं आणि सांगितलं, मुलाला बोलावून घ्या. काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, त्यांच्याच होडीवरचे. घरी आल्यावर मी तार लिहिली.

बाबांना कळलंच. तारेचा कागद त्यांनी माझ्या हातात बघितला. "बोलावलं ना? बरं केलं. माझ्या आग्नीला तो पायजेल. दुसऱ्या कुणाच्या हातचा आग्नी मला नको."

असं ते एकदाच नाही म्हणाले. त्या दोन-तीन दिवसांत आल्यागेल्या प्रत्येकाला सांगायचे, जणू वाटाघाट चालली होती. गावात ज्याला त्याला ठाऊक झालं, की तांडेल पोरासाठी थांबलाय.

दादाची तार बुधवारी संध्याकाळी आली. तारवाला बोईसरहून सायकलनं आला, घामानं भिजलेला. मी वाचली: गुरुवारी सकाळी सहाच्या विमानानं निघतो. बाबांनी डोळे मिटले होते. मला वाटलं त्यांना ऐकू गेलं नाही. मग ते हळूच बोलले, "वारं अजून फिरलं नाय. तोंडावर हाय त्याला. सहा, आनि साडेसहा धर." थोडा श्वास घेतला. "तवर मी हाय."

"हो बाबा," मी म्हटलं. आई त्यांच्या पायाशी बसली होती. म्हाताऱ्या माणसाची समजूत, मरताना कशाला मोडायची, असं मला वाटलं. म्हणून मी वाद घातला नाही. आपल्या या समजूतदारपणाचं मला तेव्हा कौतुकसुद्धा वाटलं.

गुरुवारी सकाळी सव्वाआठला ते गेले. धाप एकदम थांबली, बस. आईनं त्यांच्या तोंडाला हात लावला आणि आम्हाला कळलं.

होळी दोन दिवसांवर होती. होळीसाठी तोडून ठेवलेली लाकडं काकांनी बाबांसाठी काढायला लावली. आमची मसणवट खाडीच्या पलीकडे वाळूत होती. तिकडे जायला चालत ओहोटीतच जायचं, पाणी गुडघ्याखाली आल्यावर. होडी समोरच उभी असायची, पण मढं होडीत घालायचं नाही, ही आमच्या लोकांची सक्त रीत. ज्या होडीवर पोट भरायचं, तिच्यावर मेलेलं माणूस चढवायचं नाही. आणि दिवस बुडाल्यावर आग्नी द्यायचा नाही. त्या दिवशी खाडी साडेतीनला उतरणार होती आणि सहापर्यंत परत चढणार होती. त्यानंतरची ओहोटी दुसऱ्या दिवशी पहाटेची. बाबांचं अंग सुजलेलं, फाल्गुनातलं ऊन, प्रेत तोवर टिकणार नव्हतं.

अकराच्या सुमाराला पुरुषमाणसं ओट्यावर जमली. काका उंबऱ्यापाशी आले आणि मला बोलावलं. "बाय, तू सांग. पोरगा कदी येल? पाच वाजेपर्यंत आमी थांबतो. पाचला उचललं तरी आग्नी देऊन फिरता येल. त्याच्यानंतर नाय."

सगळे माझ्याकडे बघत होते. आई आत बाबांच्या उशाशी होती, तिथून तिलाही सगळं ऐकू येत होतं. मी फळीवरचं वेळापत्रक काढलं, दादानं पाठवलेलं गजराचं घड्याळ बाजूला ठेवलं आणि शाळेतली पाटी घेतली. रडून रडून माझं डोकं बधिर झालं होतं, पण पाटी हातात आल्यावर मला बरं वाटलं. तेवढ्यापुरतं काहीतरी माझ्या ताब्यात होतं.

एडनहून सहा. परतीचा प्रवास साडेसहा तास, कागदावर दिसत होता. साडेबारा. आणि हेडमास्तरांचे अडीच तास. ते मी एकदा विसरले होते आणि आईनं पोरगा हवेत असताना घर झाडलं होतं. या खेपेला मी विसरणार नव्हते. साडेबारा आणि अडीच, तीन. तीनला सांताक्रूझला उतरणार. पुढं सामानाची तपासणी, बोरिवली, तिथून गाडी, बोईसर, मग इथं.

"आठ वाजतील," मी म्हटलं. "साडेसातच्या आत काही येत नाही."

"नक्की?"

"नक्की."

मी आत बघितलं. आईची बोटं पदरावर हलत होती, अंगठा एकेका पेरावर टेकत होता. ती माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होती. तिचे ओठ उघडले आणि मिटले. मला वाटलं ती जप करतेय.

काकांनी डोक्याला बांधलेला रुमाल सोडला आणि परत बांधला. "मंग थांबून काय उपेग? साडेतीनला उचलू." माझ्या एका चुलतभावाला न्हायला पाठवलं. आग्नी तो देणार होता.

साडेबाराच्या आसपास वरून एक विमान गेलं. ओट्यावरच्या सगळ्यांनी माना वर केल्या. कुणीतरी म्हणालं, "त्यात असंल काय?"

"नाही हो," मी म्हटलं. "तो अजून दर्यावर आहे."

मला आठवतं, त्या क्षणी मला दादाची खूप दया आली. खाली नुसतं पाणी, आणि याला काहीच ठाऊक नाही, असं वाटून मी परत रडले. दुपारी वीजकेंद्राचा भोंगा झाला, सुरुंग लागले. बाबांच्या उशाशी ठेवलेल्या दिव्याची ज्योत हलली. आईनं दोन्ही हातांनी तिला आडोसा केला.

साडेतीनला त्यांना नेलं. आमच्यात बायका मसणात जात नाहीत. आम्ही खाडीच्या काठापर्यंत गेलो आणि पुरुष पाण्यात उतरलेले बघून परत फिरलो. पाणी पोटऱ्यांपर्यंत होतं. घरी आल्यावर बायांनी जागा सारवायला घेतली. सव्वाचारला पलीकडे धूर दिसायला लागला.

पावणेपाचला ट्रकचा आवाज आला. मी दारात आले. वीजकेंद्राच्या कामावरचा ट्रक वळणावर थांबला होता आणि त्यातून कुणीतरी उडी मारली. पँट, पांढरा शर्ट, हातात बॅग, बॅगेच्या मुठीला विमानाचं लेबल लोंबत होतं. मी घड्याळाकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग परत घड्याळाकडे. मला आधी वाटलं की घड्याळच बंद पडलंय. मी ते उचलून कानाला लावलं.

"बाबा?" दादानं विचारलं.

सारवलेली ओली जागा त्याला दिसली. मग त्यानं खाडीकडे मान वळवली आणि धूर बघितला. बॅग ओट्यावर टाकून तो पळत सुटला, बुटांसकट पाण्यात उतरला. ओहोटी पुरी झाली होती, त्याला जायला काही अडचण आली नाही. काकांनी नंतर सांगितलं, तो चितेपाशी पोचला तेव्हा पायांकडची बाजू अजून पेटायची होती. त्यानं पायांना हात लावला आणि मग त्याला दोघांनी धरून मागं घेतलं.

दादा परत आला तो चिखलानं भरलेला. ओट्याखालीच उभा राहिला, वर चढेना. "मी साडेबाराला उतरलो," तो म्हणाला. "धावतच आलो. तार मिळाली होती ना तुमाला? अर्धा तास थांबला नायत?" त्याचा आवाज चढला. "कोन बोललं मी येत नाय म्हनून?"

साडेबारा. तो शब्द ऐकला आणि माझ्या डोळ्यांपुढं पाटी आली. वेळापत्रकातले साडेबारा हे मुंबईच्याच घड्याळातले होते. अडीच तास त्यात आधीच धरलेले होते. मी ते दुसऱ्यांदा धरले. एवढीच चूक. तिसरीतल्या पोरानं केली असती तर मी त्याचा कान धरला असता.

माझं तोंड उघडलं होतं. त्याआधी आई बोलली.

"कोन बोलनार? पानी चढत होतं बाबा. खाडी काय आपल्यासाठी थांबते?"

काका तिथंच होते. त्यांनी आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. ओट्यावर दहा-बारा माणसं होती. सगळ्यांनी अकरा वाजता माझं ऐकलं होतं. त्यातलं एकही माणूस बोललं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. गाव कसल्याही गोष्टीवर भांडायचं, पण ही गोष्ट त्यांनी दाबून टाकली. मला त्याचं आजही बरं वाटतं आणि आजही चीड येते.

दादानं दुसरा दोषी शोधला. वैतरणेच्या पुलाअलीकडे गाडी दहा मिनिटं उभी होती. ती दहा मिनिटं वाचली असती तर आपण पोचलो असतो, असं त्यानं मनाशी ठरवलं. कुणीतरी वाटेत भेटलं असतं, ओरडून थांबवलं असतं, असं काहीतरी. पुढं तो एडन सोडून कायमचा परत आला, बोईसरला नोकरी धरली, पोरंबाळं झाली, पण कधीही मुंबईला जाताना वैतरणा आली की तो खिडकीपासून तोंड फिरवायचा. त्याच्या बायकोनं मला एकदा विचारलं, यांना त्या स्टेशनाचा एवढा राग का? मी म्हटलं, माहीत नाही. सांगायला मला चाळीस वर्षं होती. मी सांगितलं नाही. आता तो नाही, म्हणून इथं लिहितेय, हे काही मोठं धाडस नव्हे.

पण मला जे सांगायचंय ते दादाचं नाही.

दहाव्याच्या दिवशी पिंडाला कावळा शिवेना. पुरुषांनी नाना तऱ्हेनं विनवलं. पोरीचं लग्न करू, होडी विकणार नाय, सगळं सांगून झालं. कावळा आंब्याच्या फांदीवर बसून राहिला. ऊन चढलं तेव्हा शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. ते ऐकलं आणि मी घरामागं जाऊन बसले. आई मागून आली. तिच्या हातात झाडू होता, परसू झाडायला आली होती.

मला राहवलं नाही. मी तिला सगळं सांगितलं, पाटीवर काय मांडलं, कुठं चुकलं, अडीच तास दोनदा कसे आले. आधी झाडण्याच्या वेळी कमी धरले म्हणून या वेळी जास्त धरले. बोलता बोलता मला हुंदका आला. "बाबा बरोबर होते," मी म्हटलं. "त्यांचा वारा खोटा होता, पण वेळ बरोबर होती."

आई झाडू टेकवून उभी राहिली. तिनं डाव्या हाताची बोटं पसरली आणि अंगठा एकेका पेरावर ठेवत गेली. सहा. मग पुढं साडेसहा. अंगठा जिथं थांबला तिथं तिनं तो दाबून धरला.

"साडेबारा," ती म्हणाली. "मी बी मोजलं होतं. तू पाटीवर लिवत होतीस ना, तवाच. माझे साडेबाराच येत होते."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मला वाटतं तिला प्रश्नाचंच नवल वाटलं.

"तू शिकलेली ना गं," ती म्हणाली, आणि परसू झाडायला लागली.